भोंग्याच्या आत

रविवारी सकाळी टीटी आहे असं घरी सांगितलं तर बायकोला वाटलं टेबल टेनिस, आणि आईला वाटलं मी कुठे गाडीनं चाललोय, कारण तिच्या लेखी टीटी म्हणजे काळा कोट घालून तिकीट पाहणारा. बाबांनी मात्र पूर्ण ऐकून घेतलं. मी त्यांना समजावलं की टीटी म्हणजे सायकलची टाइम ट्रायल, त्यात सगळे एकदम सुटत नाहीत, एकेक जण एकेका मिनिटानं सुटतो, दुसऱ्याच्या मागे चिकटून त्याच्या आडोशानं जायचं नाही, जे काय करायचं ते एकट्यानं करायचं, आणि शेवटी ज्याला वेळ कमी लागला तो पहिला. बाबांनी पेपर मांडीवर ठेवला.

"म्हणजे तीनशे रुपये भरून तू एकटाच पळशीन?"

हो, म्हटलं.

"मागं कोणी लागलं नाही, काही नाही?"

नाही.

"मंग हे तं आमी रोज फुकटात करत होतो."

बाबा मिलमध्ये होते. घरापासून मिल सहा किलोमीटर, काळी चोवीस इंची सायकल, कॅरिअरला डबा. सकाळी पहिला भोंगा झाला की घरून निघायचं आणि शेवटचा भोंगा व्हायच्या आत गेटच्या आत शिरायचं, नाही शिरलं तर अर्ध्या दिवसाचा पगार गेला. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकायचंच सोडून दिलं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की बाबांनी जवळपास तीस वर्षं टाइम ट्रायल मारलीय, तीसुद्धा मडगार्ड आणि डब्यासकट. फ्रेंच लोक या प्रकाराला जे नाव देतात त्याचा सरळ अर्थ 'घड्याळाच्या विरुद्ध' असा आहे, टूर दि फ्रान्समध्ये हा प्रकार १९३४ साली आला. बाबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, घड्याळ कोणाजवळ होतं, भोंग्याच्या विरुद्ध म्हण.

आता अडचण अशी की नागपुरात सायकलवाल्यानं '१२ किलोमीटरची रेस आहे' म्हटलं की लोक हसतात. आपल्या गावाला लांबची सवय लागलीय. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रॅम म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची रेस एकट्यानं पूर्ण केली, पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक नऊ हजारांवर किलोमीटर मारले, आणि ते आपल्या नागपूरचे. त्यामुळे इथं ग्रुपमध्ये २०० ची ब्रेव्हे, म्हणजे मुदतीच्या आत २०० किलोमीटर मारायची राइड, न केलेला माणूस म्हणजे जरा शिकाऊच. मी दोन केल्यात, दोन्ही वेळा शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये देव आठवले, ते राहू द्या. पण बारा किलोमीटर म्हणजे कसं, शेजाऱ्याच्या भाषेत 'इतकं तं मी बर्डीवर भाजी आणाले जातो'.

आणि दुसरं हसू 'चढाची' या शब्दावर. पुण्याचा माझा मावसभाऊ सिंहगडाचा घाट दर शनिवारी चढतो, त्याला फोनवर सांगितलं की आमची चढाची टाइम ट्रायल आहे तर तो म्हणाला, नागपुरात चढ कुठाय रे? खरं आहे त्याचं. आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. पहाटे साडेपाचला एखादा पूल पकडून वर-खाली, वर-खाली करणारे लोक मी पाहिलेत, मीसुद्धा केलंय, पोलिसांनी एकदा थांबवून विचारलं की काही हरवलं का. वर्धा रोडवरचा तो डबलडेकर पूल, ज्याचं नाव गिनीजमध्ये गेलं, त्याची लांबी ३.१४ किलोमीटर आहे, गणिताच्या मास्तरला यापेक्षा जास्त काय पाहिजे, पण त्यावर सायकल घालायची छाती माझ्यात नाही. मग उरतं काय, तर सेमिनरी हिल्स. फुटाळा तलावाकडून वर चढायचं, माथ्यावर झाडीतून थोडंसं सपाट, मग उतार, वळण, परत खाली. असा आमच्या ग्रुपनं आखलेला लूप ४.१ किलोमीटरचा, माझ्या सायकलवरच्या गार्मिन मीटरवर एका लूपला तीसेक मीटर चढाई दाखवतो. तीन लूप. १२.३ किलोमीटर आणि नव्वदेक मीटर. पुण्याचा माणूस एवढं चढून चहाला थांबतो.

तरी सांगतो, लहान आहे म्हणून सोपं नाही, उलट लहान आहे म्हणूनच अवघड आहे. २०० किलोमीटरमध्ये तुम्ही चुकू शकता. पंक्चर काढा, वडापाव खा, दहा मिनिटं झाडाखाली पडा, साडेतेरा तासांची मुदत असते, सगळं निभतं. पंचवीस मिनिटांत चूक निस्तरायला जागाच नाही.

मी दहावीच्या शिकवण्या घेतो. दरवर्षी पोरांना ते गणित देतो, एक माणूस चढावर ताशी २० नं गेला आणि त्याच रस्त्यानं ताशी ६० नं परत आला, तर सरासरी वेग किती. अर्धा वर्ग ओरडतो चाळीस. उत्तर तीस. कारण चढावर तो जास्त वेळ असतो, साधी गोष्ट आहे. हेच सायकलवर आणा. एक किलोमीटरचा चढ ताशी २० नं चढला तर तीन मिनिटं, १५ नं चढला तर चार. म्हणजे एक मिनिट गेलं. आता उतारावर जीव काढून ५० चे ६० केले तर वाचतात फक्त बारा सेकंद, आणि त्या बारा सेकंदांसाठी वाटेत गाय आडवी येऊ शकते. शिवाय हवा. वेग दुप्पट झाला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते, त्यामुळे उतारावर लावलेला जोर बराचसा हवाच खाते, चढावर मात्र वेग कमी, हवेचा जाच कमी, लावलेला जोर वजन वर न्यायलाच जातो. म्हणून हिशोब असा की चढावर सरासरीपेक्षा जास्त जोर लावायचा आणि उतारावर दम खायचा. मी हे फळ्यावर मांडू शकतो. मांडलंसुद्धा होतं, आदल्या रात्री, पोरांच्या वहीच्या मागच्या पानावर, माझं वजन ७८, सायकल ९, कपडे-बूट-बाटली मिळून ३, एकूण ९० किलो, तीस मीटर वर न्यायचे, शंभर सेकंदांत न्यायचे तर नुसत्या उचलण्याला २६५ वॅट. उत्तराच्या खाली दोन रेघा मारल्या. टार्गेट २५ मिनिटांच्या आत.

ग्रुपवर आठवडाभर वेगळंच चालू होतं. हँडलला ते पुढे निघालेले बार लावायचे की नाही यावर लोक भांडून राहिले होते. बार लावले की माणूस लांब होऊन वाकतो, हवा कमी लागते, पण चढावर आणि वळणावर त्यांचा उपयोग नाही, वजन तेवढं वाढतं. बारवाल्यांचा पुरावा १९८९ चा, अमेरिकेच्या लेमॉन्डनं टूर दि फ्रान्सच्या शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये असे बार आणि लांबुडकं हेल्मेट वापरलं, फ्रान्सचा फिन्यों बिचारा उघड्या डोक्यानं, शेंडी उडवत गेला, आणि तीन आठवड्यांची टूर आठ सेकंदांनी हरला. बार नको म्हणणाऱ्यांचा पुरावा २०२० चा, स्लोव्हेनियाच्या पोगाचारनं शेवटच्या चढाच्या पायथ्याशी टीटीची सायकल सोडून साधी रोड बाईक घेतली आणि ५७ सेकंदांनी मागे असलेला पोरगा टूर जिंकून बसला, तेव्हा त्याला बावीस पूर्ण व्हायचे होते. एका भावानं पाय वस्तऱ्यानं साफ केले. एकानं बाटलीचा स्टँड काढून टाकला, चाळीस ग्रॅम वाचले म्हणे. मी पोट तसंच ठेवलं.

जानेवारीतली सकाळ. गाडीच्या मीटरवर ९ डिग्री दाखवत होतं. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रस्त्यावर सायकल रेसला तिथल्या संघटनेचीच बंदी होती, तेव्हा लोक पहाटे पहाटे गावाबाहेर जमायचे, काळे कपडे घालून, एकेकटे सुटायचे म्हणजे कुणाला रेस वाटूच नये, रस्त्याचं नाव उघड करायचं नाही म्हणून त्याला सांकेतिक नंबर द्यायचे. आमचं दृश्य काही फार वेगळं नव्हतं. रस्ता बंद केलेला नाही, अंधारात चाळीस माणसं मंकी कॅप काढून हेल्मेट घालतायत, एक जण मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभा, एक जण मागून सीट धरणार, आणि बाजूनं मॉर्निंग वॉकवाले जातायत, त्यातल्या एका आजोबांनी विचारलं कोणत्या पक्षाची रॅली आहे.

माझा नंबर १४. माझ्यापुढे १३ नंबरला एक काका, पोस्टातून रिटायर, एकसष्ट वर्षांचे, स्टीलची जुनी सायकल, मनगटावर चावीचं घड्याळ, बाकी काहीच नाही, ना मीटर ना सेन्सर. माझ्या सायकलला पेडलमध्ये पॉवर मीटर आहे, पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं, हप्ते अजून चालू आहेत (घरी हे 'पेडल बदलले' एवढंच माहीत आहे). माझ्यामागे १५ नंबरला अकरावीतली एक मुलगी, कानात काहीतरी घालून उभी, मार्शलनं काढायला लावलं. मी मनात ठरवलं, काकांना दुसऱ्या लूपमध्ये गाठायचं, आणि ही पोरगी तर राहिली मागे. टाइम ट्रायलमध्ये खरं तर दुसऱ्या कोणाशी काही देणंघेणं नसतं असं मी आठ दिवस लोकांना सांगत होतो.

पाच, चार, तीन, दोन, एक.

पहिला चढ मी उडत गेलो. खरंच, पाय आहेत की नाही कळत नव्हतं, हप्त्यावरचं मीटर ३४० वॅट दाखवत होतं आणि मला वाटलं मीटर जास्त दाखवून राहिलंय, किंवा मीच इतके दिवस स्वतःला कमी समजत होतो. दुसरी शक्यता मला जास्त पटली. वळणावर काकांची पाठ दिसली, जरा जवळ आली होती. पहिला लूप ८ मिनिटं २ सेकंद. गणित केलं, आठ त्रिक चोवीस, म्हणजे चोवीस मिनिटं सहा सेकंद, म्हणजे टार्गेटच्या आत चोपन्न सेकंद. पंचवीस वर्षं पोरांना सांगतो की एका उदाहरणावरून नियम काढू नका.

दुसऱ्या चढाच्या मध्यावर दम संपला. हळूहळू नाही, नळाचं पाणी जातं तसा. मांड्यांमध्ये कोणीतरी गरम तर्री ओतल्यासारखं झालं, श्वास इतक्या मोठ्यानं चालला होता की बाजूनं चाललेल्या एका बाईंनी दचकून कुत्रं जवळ ओढलं. गिअर शोधला, मागचं सगळ्यात मोठं चाक, तो आधीच लागलेला होता. त्या क्षणाची एक विशिष्ट निराशा असते, बोट परत परत लिव्हर दाबतं आणि आवाज येत नाही. कसाबसा वर पोहोचलो आणि माथ्यावर, जिथे रस्ता झाडीत शिरतो आणि चढ संपल्यासारखा वाटतो, तिथे पाय आपोआप थांबले. पाच सेकंद म्हटलं. दहा. तो रस्ता सपाट दिसतो पण सपाट नाही, हलकासा वरच आहे, पाय थांबवले की सायकल तिथे अशी मरते की पुन्हा उठवायला चढाइतकाच जोर लागतो. मला हे माहीत होतं. शंभरदा त्या रस्त्यानं गेलोय. पण शरीर म्हणतं चढ झाला ना, मग आता सुट्टी, आणि तुम्ही त्याला नाही म्हणत नाही कारण नाही म्हणायलासुद्धा श्वास लागतो.

तोपर्यंत काकांची पाठ पुन्हा लहान झाली होती.

उताराबद्दल सांगण्यासारखं काही नाही, स्पीडब्रेकर होता, ब्रेक मारला.

तिसऱ्या लूपला मी कोणाशीच रेस लावत नव्हतो. पुढचा खांब, मग त्याच्या पुढचा खांब. चढावर एका ठिकाणी मला चक्क मिलचा भोंगा आठवला, म्हणजे भोंगा नाही, बाबा सांगायचे तो पुलाचा किस्सा. वाटेत रेल्वेचा पूल होता, चढाचा, सगळे कामगार त्यावर उतरून सायकल हातात घेऊन चालायचे, बाबा कधी उतरले नाहीत. मी लहानपणी विचारायचो उतरला का नाहीत, तर म्हणायचे, उतरलं की पुन्हा चढा लागते, त्यातच टाइम जाते. हे इतकी वर्षं मला नुसतं बाबांचं घमेंडखोर बोलणं वाटत होतं. नीट पाहिलं तर माथ्यावर पाय थांबवू नको हेच ते सांगत होते.

तर हे सगळं तत्त्वज्ञान डोक्यात चालू असताना माथा आला आणि मी पाय थांबवले.

आणि तेव्हाच मागून आवाज, "काका, उजवीकडून!"

पंधरा नंबर. एक मिनिट मागे सुटलेली पोरगी. मी स्वतःपुढच्या माणसाला काका म्हणत होतो, आणि इथे मीच काका. ती झाडीत पेडल मारत निघून गेली, तिथे, त्याच फसव्या तुकड्यावर, ती उभी राहून पेडल मारत होती. मला तेव्हा बेरिल बर्टन आठवली. इंग्लंडमधली, १९६७ सालची बारा तासांची टाइम ट्रायल, ज्या पुरुषाचा त्या दिवशी पुरुषांचा विक्रम होणार होता त्याला या बाईनं मागून येऊन गाठलं, आणि बाजूनं जाताना काय बोलावं सुचेना म्हणून जवळची ज्येष्ठमधाची गोळी त्याला दिली. त्यानं घेतली. २७७ मैलांवर गेली ती, पुढची दोन वर्षं पुरुषांनासुद्धा तेवढं जमलं नाही. मला गोळीबिळी काही मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी त्या वेळी घशाखाली उतरली नसती.

नियम आहे की ज्याला मागे टाकलं त्यानं मागेच राहायचं, आडोसा घ्यायचा नाही. या नियमाचं पालन करायला मला विशेष प्रयत्न करावे लागले नाहीत.

२५ मिनिटं २१ सेकंद.

काका भिंतीवर बसून सॉक्स झटकत होते. त्यांचे २५:१०. मी कागद मागून घेतला. ८:२३, ८:२४, ८:२३. माझे ८:०२, ८:३६, ८:४३. काकांचे आकडे मी दोनदा वाचले, पोरांच्या पेपरात कॉपीचा संशय आला की वाचतो तसे. म्हटलं, काका, मीटर नाही काही नाही, हे कसं काय? त्यांनी घड्याळाला चावी दिली आणि म्हणाले, "सर, तो चढ तीनदा चढाचा आहे ना? मंग पैल्याच खेपेला त्याच्याशी काऊन भांडून राह्यले होते? तो काही पळून जाते का?"

पोह्यांच्या ठेल्यावर सगळे जमले. तर्री पोहे, वर चणे, कांदा, लिंबू. त्या थंडीत त्या तर्रीचा पहिला घास नाकातून वाफ काढतो. पंधरा नंबरच्या पोरीचे २४:०८ झाले होते आणि ती प्लेटमधले चणे बाजूला काढत होती, तिला चणे आवडत नाहीत. तिच्या वडिलांनी गाडीतून संत्र्यांची पिशवी काढून सगळ्यांना वाटली. तिनं माझ्या हातावर एक ठेवलं आणि म्हणाली, "सॉरी हां काका, मी फार जोरात ओरडली." मी म्हटलं नाही नाही, बरोबर केलं. संत्रं खाल्लं. गोड होतं.

दुपारी मीटरचा आलेख काढून बसलो. अपेक्षा होती की चढावरच वेळ गेला असेल. तिसऱ्या चढावर पहिल्यापेक्षा १२ सेकंद जास्त लागलेत, ते ठीक, ते म्हातारपण म्हणू. पण माथ्यावरचा तो अर्धा किलोमीटर, तिथे पहिल्या लूपमध्ये २३० वॅट आणि तिसऱ्या लूपमध्ये १३०, आणि तेवढ्याशा तुकड्यात ३८ सेकंद. उतारावर उलट नऊ सेकंद मिळाले, कारण तिसऱ्यांदा मी स्पीडब्रेकरला ब्रेकच मारला नाही, मारायची ताकद नव्हती. आलेखावर ती जागा अशी दिसते जणू कोणी तिथे सायकल उभी करून लघवीला गेलंय. बराच वेळ पाहत राहिलो. मग लॅपटॉप बंद करून वऱ्हांड्यात आलो.

बाबा उन्हात बसले होते, शाल गुडघ्यांवर.

"मंग? पोहोचला भोंग्याच्या आत?"

"एकवीस सेकंद उशीर झाला."

त्यांनी पेपर उलटला.

"गेला मंग अर्धा दिवस."